पाटीवरचं कूळ

माझा मामा पाट्या रंगवायचा. आईचा धाकटा भाऊ. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या, 'येथे गाडी लावू नये'च्या. गावाच्या जुन्या भागात एके काळी अर्धी बाजारपेठ त्याच्या अक्षरात होती. मग छापील फलक आले. सकाळी सांगितला की संध्याकाळी तयार, वर कोपऱ्यात मालकाचा हसरा फोटो. मामाचं काम आटत गेलं. शेवटी राहती खोली सोडून तो आमच्याकडे आला. सोबत एक ट्रंक, रंगाचे डबे आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेले कुंचले. बाबा पंप दुरुस्त करायचे आणि मागच्या खोलीत त्यांच्या पंपांचे सुटे भाग पडलेले असायचे. ते एका बाजूला सरकवून मामाची गादी घातली. थोडे दिवस म्हणून आला होता तो. थोडे म्हणजे किती, हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही.

मामाचा कामाचा एक रिवाज होता. तो आधी सगळी अक्षरं काढायचा, डोक्यावरची रेघ न देता. मग गिऱ्हाइकाला समोर उभं करून विचारायचा, "काही बदलायचंय?" गिऱ्हाईक नाही म्हणालं की श्वास रोखून, एका ओढीत शिरोरेघ मारायचा. ती मारेपर्यंत तो वाटेल ते पुसायला तयार असे. एकदा मारली की मालक हातापाया पडला तरी पाटीला पुन्हा हात लावत नसे. यावरून त्याची गिऱ्हाइकं तुटली, पण रिवाज काही सुटला नाही.

तर एका रविवारी आत्या आली. चहा पिता पिता तिनं सहज विचारलं, "हा अजून इथेच का?" बाबांना ओठावर आलेलं गिळता येत नाही, त्यात विनोद असेल तर अजिबातच नाही. ते म्हणाले, "आंब्याला बांडगूळ असतं ना, तसं आम्हाला हा. त्याला कसला ऋतू." आत्या हसली, बाबाही हसले. मागच्या खोलीला भिंत नव्हती, फळ्यांचा आडोसा होता, आणि फळ्यांपलीकडे मामा कुंचले धूत बसला होता.

 त्या दिवसापासून मामा ताटात कमी वाढून घ्यायला लागला, आणि आठवड्याभरात आईला म्हणाला की सरकारी बागेचं काम मिळालंय, ते संपलं की मी बागेतच राहायला जाईन, अवजारांच्या खोलीशेजारी एक खोली रिकामी आहे. ती खोली मी पाहिली होती. तिला खिडकी नव्हती आणि फावड्यांचा वास होता. आई आधी रडली, मग बाबांवर उखडली. बाबा म्हणाले, मी काय त्याला जा म्हटलंय? म्हटलं नव्हतंच. तीच तर पंचाईत होती. परत घ्यायला एक शब्दही सापडेना, म्हणून कोणी काही परत घेतलं नाही. मामा आणि बाबा, दोघेही मनाने सरळ आणि दोघेही एक नंबरचे हट्टी, त्यामुळे धड भांडणही झालं नाही. फक्त बागेच्या पाट्या संपल्या की मामा जाणार, एवढं आम्हा सगळ्यांना कळून चुकलं.

बाग आमच्या इस्पितळाच्या समोर होती. मी इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर बसते. माणूस येतो, कुठे दुखतंय ते सांगतो, मी त्याला हाडांकडे, डोळ्यांकडे किंवा कान-नाक-घशाकडे धाडते. दिवसभर हेच केल्यावर माणसं वेगळी दिसायची बंद होतात, नुसती खाती दिसतात. दुपारी अर्धा तास मिळायचा, तेवढ्यात मी रस्ता ओलांडून मामाला डबा द्यायची आणि तिथेच बाकावर बसून माझाही खायची.

काम असं होतं: बागेतल्या प्रत्येक मोठ्या झाडाला पत्र्याची हिरवी पाटी. पाटीवर दोन ओळी. पहिली 'नाव', दुसरी 'कूळ'. झाडांची नावं एका निवृत्त बाईंनी दिली होती. त्या जन्मभर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या आणि बागेच्या साहेबांना सल्ला द्यायच्या. नेमकं त्याच वेळी त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्या मुलीकडे गेल्या. जाताना फोनवर मामाला म्हणाल्या, "नावं रंगवून ठेवा. कुळाचं मी आल्यावर बघू."

आता बाईंच्या शास्त्रात कूळ म्हणजे घराणं. कोणतं झाड कोणत्या घराण्यातलं. पण मामाला हे कोण सांगणार? मामाच्या आणि आईच्या लहानपणी त्यांचे वडील दुसऱ्याची फळबाग करायचे. बागेच्या कडेला दोन खोल्या, त्यात ही माणसं राहायची. मालकाकडची माणसं यायची ती नावानं हाक मारायची नाहीत. 'कुळाला बोलवा,' म्हणायची, 'कुळाला सांगा'. पुढे बाग विकली गेली आणि एका सकाळी 'कूळ हलवा' असा निरोप आला. आई सांगते, त्या दिवशी मामा झाडाला धरून बसला होता, त्याचे हात सोडवावे लागले. त्यामुळे कूळ म्हणजे दुसऱ्याच्या जागेत राहून पोट भरणारा, हा एकच अर्थ मामाला ठाऊक होता आणि तो चांगलाच ठाऊक होता.

पाटीवरचा शब्द वाचून त्याला नवल वाटलं नाही, उलट बरं वाटलं. झाडात कोण राहतं ते लिहायचंय, एवढंच ना. त्यासाठी बाईंना त्रास कशाला, त्या बिचाऱ्या डोळ्यांवर पट्टी बांधून पडल्यात, मी तर दिवसभर इथेच आहे. असा विचार करून मामा पहिल्या झाडाखाली, उंबराखाली, रंगाचा डबा उघडून बसला. त्याला वाटलं होतं की तासाभरात बघून होईल.

तासाभरात झालं नाही. मैना दिसल्या, खारी दिसल्या, ते सोपं होतं. मग खोडावरून मुंगळ्यांची रांग चाललेली दिसली. ती कुठे जाते म्हणून बघायला गेला तर वर पानं एकमेकांना चिकटवून केलेलं तांबड्या मुंग्यांचं घर दिसलं; मुंगळ्यांचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता. सालीसारखाच रंग असलेला एक सरडा त्याच्या नाकासमोर किती वेळ होता कुणास ठाऊक. पडलेलं उंबर फोडलं तर आतून बारीक बारीक किडे. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा मामा खोडाला गाल लावून वर बघत होता आणि फिरायला आलेली माणसं त्याला वळसा घालून जात होती.

"अगं, संपतच नाहीत," तो मला म्हणाला. "एकाला लिहिलं की त्याच्यामागे दुसरा उभाच आहे."

मला हसू आलं, थोडी लाजही वाटली. पण मामानं मला ओढून खोडाजवळ उभं केलं. बोटभर जागा दाखवली आणि म्हणाला, इथेच बघ, हलू नकोस. मी बघितलं. साल, नुसती साल. मग सालीचा एक कण चालायला लागला. त्याच्या बाजूला एक ठिपका होता, त्याला पाय होते. भेगेत कोणीतरी रेशमाचं दार करून आत बसलं होतं, त्या दारावरून एक मुंगी गेली आणि दार किंचित उघडलं. माझा डबा तसाच राहिला. रोज ज्या झाडाच्या सावलीतून मी कामावर जायची त्यात एवढी वस्ती होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. खिडकीवर परत गेले तेव्हा पहिल्या म्हाताऱ्याला कुठे दुखतंय ते मी दोनदा विचारलं, कारण मला त्याचा चेहरा बघायचा होता.

घरी आईला मी हे सांगायची आणि आई वेगळ्याच कारणानं खूश व्हायची. जितकी कुळं जास्त तितकं काम लांबणार. "अजून काही सापडलं का?" ती रोज विचारायची. एकदा म्हणाली, एखादं मोठंसं झाड राहिलं असेल तर त्याला सांग, तिकडेही बघ म्हणावं. बाबा पेपरामागून ऐकायचे. त्यांनी कधी काही विचारलं नाही, पण मामाचा विषय निघाला की पेपराचं पान उलटायचं थांबायचं.

महिन्याभरानं बाई परतल्या. हातात काठी, डोळ्यांवर काळा चष्मा, वाचायला अजून डॉक्टरांची मनाई. बागेचे साहेबही बरोबर होते. त्यांना पाट्या लावून मोकळं व्हायचं होतं. मी डबा घेऊन पोचले तेव्हा बाई उंबरासमोर उभ्या राहून मामाला म्हणत होत्या की वाचून दाखवा.

मामानं घसा साफ केला. "नाव, उंबर. कूळ: मैना, खारी, मुंगळे, तांबड्या मुंग्या, सरडा, दार लावून बसणारा कोळी, फळातले बारीक किडे."

साहेब आ वासून बघत राहिले. बाईंनी पुन्हा वाचायला लावलं. मग त्या हसायला लागल्या. काठी टेकून, वाकून, चष्मा सावरत हसत राहिल्या. मामाचा चेहरा उतरला. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना, पण काहीतरी मोठं चुकलंय हे कळलं. साहेब म्हणाले की सगळ्या पाट्या खरवडून काढा, लोक काय म्हणतील. मला साहेबांचा राग आला, बाईंचाही आला.

मग बाई हसायच्या थांबल्या आणि खाली बाकावर बसल्या. त्यांनी मामालाही शेजारी बसवलं आणि कूळ म्हणजे त्यांच्या शास्त्रात काय ते सांगितलं. उंबर, वड, फणस आणि तुती हे सगळे एकाच कुळातले, म्हणाल्या. आंबा आणि काजू दुसऱ्या एका कुळातले. मामाला पटेना. फणस आणि तुती? एकाला उचलायला दोन हात लागतात, दुसरी चिमटीत मावते. बाई म्हणाल्या, "आकारावर जाऊ नका. चुलत भावांत एक ढोल्या आणि एक काटकुळा नसतो का? फुलांची ठेवण बघायची, आतला चीक बघायचा. घराण्याची खूण तिथे असते." आणि अशी घराणी मागे मागे नेत गेलं की ती एकमेकांना मिळत जातात. झाडांची झाडांना मिळतात, प्राण्यांची प्राण्यांना, आणि फार मागे, कोणाला कल्पनाही करता येणार नाही इतक्या मागे, सगळी एकाच ठिकाणी येतात.

मामानं उंबराच्या खोडावर हात ठेवला. "म्हणजे मी आणि हा?"

"लांबचं नातं आहे," बाई म्हणाल्या. "पण नातं आहे."

मामानं हात काढला नाही. मीही नकळत हात पुढे केला आणि खोडाला लावला. ऊन होतं, खोड गार होतं. नातेवाईक म्हटलं की मला आत्या आठवते. इतका जुना आणि इतका शांत नातेवाईक आपल्याला आहे, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला.

मामा उठून खरवडायची पट्टी शोधायला लागला. बाईंनी त्याला थांबवलं. चूक ती चूक, म्हणाल्या, कुळाच्या ओळीत कूळच येणार. पण हे जे तुम्ही लिहिलंय ते मला आधी सगळं वाचून दाखवा. साहेबांना काम होतं, ते गेले. पुढचे कित्येक दिवस मामा आणि बाई झाडामागून झाड करत फिरत होते. मामा वाचायचा, बाई काठीनं थांबवायच्या.

मामाच्या चुका काही थोड्या नव्हत्या. लिंबाच्या झाडाला त्यानं एक कूळ लिहिलं होतं 'हिरवी अळी' आणि दुसरं 'काळं ठिपक्यांचं फुलपाखरू'. बाई म्हणाल्या, ही दोन्ही एकच. मामानं अळी पाहिली होती, फुलपाखरू पाहिलं होतं, हिचंच ते होतं असं त्याला कोणी सांगितलं असतं तर त्यानं वेड्यात काढलं असतं. उलट ज्या सगळ्यांना तो मधमाश्या म्हणाला होता त्यात निम्म्या माश्या निघाल्या, मधमाशीचे पट्टे चढवून फिरणाऱ्या. पंख मोजा, बाई म्हणाल्या, मधमाशीला चार असतात, हिला दोनच. मामानं मग एक माशी फुलावर बसेपर्यंत सबंध दुपार घालवली आणि दोन पंख दिसल्यावर लहान मुलासारखा माझ्याकडे बघून मान हलवली.

उंबरातल्या किड्यांपाशी बाई फार वेळ थांबल्या. कच्चं उंबर फोडायला लावलं. आत फुलं होती. शेकडो, खसखशीएवढी, बाहेरच्या जगाला कधीच न दिसणारी. उंबराच्या टोकाला एक बारीक वाट असते. त्या वाटेनं एक मादी किडा आत शिरते. वाट इतकी अरुंद की पंख तिथेच गळून पडतात, परत फिरायचं राहतच नाही. आत ती अंडी घालते, दुसऱ्या उंबरातून आणलेला पराग फुलांना लावते आणि तिथेच मरते. तिच्या नर पोरांना पंखच येत नाहीत. ते त्या अंधारात जोडीदारणी शोधतात, त्यांच्यासाठी बाहेर पडायला भोक पोखरतात आणि संपतात. माद्या पराग घेऊन त्या भोकातून बाहेर उडतात. हाताशी एखाद-दुसरा दिवस असतो, तेवढ्यात त्यांना दुसरं उंबराचंच झाड सापडावं लागतं. वडाचं चालत नाही, पिंपळाचं चालत नाही. त्यांचे किडे निराळे. हा किडा नसेल तर उंबराला बी धरत नाही, आणि उंबर नसेल तर किड्याला जगात दुसरं घर नाही.

मामानं ते फोडलेलं उंबर तळहातावर घेतलं. मग म्हणाला, "मग यात भाडं कोण कोणाला देतं?"

"दोघं दोघांना," बाई म्हणाल्या.

खोडावर राखाडी-हिरवे चट्टे होते. मामानं ते रंगाचे डाग समजून सोडून दिले होते. बाई म्हणाल्या, हेही जिवंत आहे, आणि हे एक नाही, दोन आहेत. बुरशी आणि शेवाळ. दोघांची घराणी एकमेकांपासून कोसभर लांब. बुरशी आसरा देते आणि ओल धरते, शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं, आणि दोघं मिळून असा एक देह होतो की बघणाऱ्याला सांधा दिसत नाही. मामानं विचारलं, यात कूळ कोण आणि मालक कोण? बाई म्हणाल्या की यावर जाणकारांचंही एकमत नाही. नाव मात्र बुरशीचं लागतं. पाटीवर शेवाळाचा उल्लेख नसतो. मी हे घरी सांगितलं तेव्हा आईनं एकदा दारावरच्या बाबांच्या नावाकडे आणि एकदा हातातल्या केरसुणीकडे बघितलं, आणि कामाला लागली.

आंब्याची पाटी मामानं कोरी ठेवली होती. नाव होतं, खाली काही नाही. बाईंनी कारण विचारलं. मामा म्हणाला, याच्यावर कोणी नाही. बाईंना तेव्हा लांबचंही थोडं दिसायला लागलं होतं. त्यांनी काठी वर करून फांदीवरचा दाट, वेगळ्या पानांचा झुबका दाखवला आणि म्हणाल्या, ते काय मग? मामा वर न बघताच कुंचला पुसायला लागला.  

"ते बांडगूळ. ते लिहायचं नाही. ते फुकटचं खातं."

बाईंना आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. त्या आपल्या शिकवायच्या सवयीनं सांगत गेल्या. पानं हिरवी आहेत ना? म्हणजे अन्न ते स्वतः करतं. झाडाकडून घेतं ते पाणी आणि त्यातले क्षार. मामानं विचारलं, झाडाला त्रास होतो की नाही? बाई खोटं बोलल्या नाहीत. होतो, म्हणाल्या, फार माजलं तर फांदी वाळते, तेव्हा माळ्यानं छाटावंही लागतं. "पण जरा थांबा. बघा कोण येतं."

आम्ही तिघं मान वर करून उभे राहिलो. अंगठ्याएवढा एक पक्षी आला, मातकट रंगाचा, टिक टिक करत. फुलटोच्या, बाई हळूच म्हणाल्या. त्यानं बांडगुळाच्या बंद नळकांडीसारख्या फुलाला चोच लावली, फूल फट्कन उघडलं आणि पराग त्याच्या कपाळावर उडाला. चोच लागल्याशिवाय ते फूल उघडतच नाही, बाई म्हणाल्या. मग त्यानं एक फळ गिळलं. आतली बी इतकी चिकट असते की पक्ष्याला ती फांदीवर घासून सोडवावी लागते, आणि घासली तिथे ती रुजते. एका जातीच्या फुलपाखराच्या अळ्या तर बांडगुळाचीच पानं खाऊन वाढतात. हे छाटून टाका सगळं, बाई म्हणाल्या, आंबा राहील, पण पक्षी जाईल, फुलपाखरू जाईल, आणि त्यांच्यावर जगणारं आणखी कोण कोण जाईल ते आपल्याला ठाऊकही नाही.

पक्षी गेला तरी मामा वर बघत होता. त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, आणि नुसतं मामासाठी नाही. ज्याची आम्ही शिवी केली होती त्या झुबक्यात एक अख्खं गाव हालचाल करत होतं.

साहेबांशी बोलून बाईंनी मधला मार्ग काढला. कुळाच्या ओळीत खरं कूळ, आणि खाली तिसरी ओळ: 'बिऱ्हाडकरू'. तीत मामाची सगळी मंडळी, चुका दुरुस्त करून. साहेब म्हणाले पत्र्यावर जागा नाही. मामा म्हणाला मी बारीक लिहीन. आणि आंब्याच्या खोडाशी एक जादा पाटी लागली. तिच्यावर नाव होतं बांडगूळ, त्याचं स्वतःचं कूळ होतं, आणि त्याचे स्वतःचे बिऱ्हाडकरू होते.

काम संपत आलं. आईनं मोठ्या झाडांची चौकशी करणं सोडून दिलं होतं. त्याच सुमारास बागेचा पंप बंद पडला आणि बाबांना बोलावणं आलं. मामा तेव्हा पलीकडच्या टोकाला होता. मी डबा घेऊन येत होते, तर बाबा हातात पाना घेऊन आंब्यापाशी उभे दिसले. ते ती जादा पाटी वाचत होते. वाचून झाली, मग मान वर करून फांदीकडे बघितलं, मग पुन्हा पाटी वाचली. बाबांना वाचायला इतका वेळ लागत नाही. मी झाडाआडच थांबले. ते गेल्यावर पुढे झाले. घरी त्यांनी पंपाचं सगळं सांगितलं, पाटीचं काही नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मामाची ट्रंक पुढच्या खोलीत आली. जाता जाता त्यानं आमच्यासाठी उरलेल्या पत्र्याची एक पाटी केली होती, दारावर लावायला. खुर्चीला टेकवून ठेवली. हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, अजून ओली, अजून शिरोरेघेवाचून. नाव: घर. कूळ, आणि त्यापुढे आम्हा तिघांची नावं, बाबांचं, आईचं, माझं. खाली बिऱ्हाडकरू: पाल, कोळी, काळ्या मुंग्या, वळचणीच्या चिमण्या, पायरीवरची मांजर. आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत बारीक अक्षरात: मामा.

आई ते वाचून तोंड फिरवून उभी राहिली. मामा कोणाकडे न बघता, गिऱ्हाइकाला विचारायचा तसं म्हणाला, "काही बदलायचंय?"

"हो," बाबा म्हणाले.

त्यांनी मामाच्या हातातलं टर्पेंटाइनचं फडकं घेतलं, वाकले, आणि 'मामा' पुसून टाकलं.  आईच्या तोंडून नुसता श्वास निघाला. मामा पुसलेल्या जागेकडे बघत राहिला, आणि मला वाटलं, आता हा ट्रंक उचलेल आणि पुन्हा कधी या दारात येणार नाही. मला बाबांचा हात धरावासा वाटला.

बाबांनी फडकं खाली ठेवलं आणि कुंचला उचलला. जन्मात कधी धरला नव्हता. पाना धरतात तसा मुठीत धरला, आणि वरच्या ओळीत, माझ्या नावापुढे, 'मामा' असं लिहिलं. दुसरा 'मा' पहिल्यापेक्षा मोठा झाला, काना तिरका गेला आणि रंगाचा एक ओघळ खाली आला.

"चुकीच्या ओळीत लिहिलं होतंस," ते म्हणाले. 

मामा गुडघ्यांवर बसला. एक अनुस्वार सरकला तर सबंध पाटी पुन्हा करणारा माणूस तो. मला वाटलं ओघळ तरी पुसेल. त्यानं पुसला नाही. बारीक कुंचला रंगात बुडवला, श्वास रोखला, आणि बाबांच्या नावापासून निघून त्या वाकड्या 'मा'पर्यंत, कुठेही न तोडता, एकच शिरोरेघ ओढली. मग उठून ट्रंक मागच्या खोलीत ठेवून आला.